हॅटच्या हुकाचे स्क्रू

१९९७ चा ‘टायटॅनिक’ सिनेमा न पाहिलेला माणूस आपल्या हॉस्टेलवर शोधूनही सापडायचा नाही. जॅक आणि रोझ सगळ्यांना पाठ आहेत. पण शेवटी जहाज कलत असताना शेकोटीपाशी उभं राहून घड्याळ लावणारा तो शांत माणूस आठवतो का? तो थॉमस अँड्र्यूज, टायटॅनिकचा डिझायनर. खरे अँड्र्यूज मला सिनेमातल्यापेक्षा जास्त आवडले, आणि त्याला कारण ठरले चक्क स्क्रू.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८७३ चा, उत्तर आयर्लंडमधल्या कोंबर गावचा. घरचं चांगलं होतं. सख्खे मामा विल्यम पिरी बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या जहाज कारखान्यात भागीदार होते, पुढे अध्यक्ष झाले. मामाची कंपनी म्हटल्यावर आपण जे समजतो तसं मात्र झालं नाही. १८८९ मध्ये सोळाव्या वर्षी ते तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून लागले. पहाटे पाचच्या आत उठायचं आणि सहाला कामावर हजर. आधी तीन महिने सुतारखाना, मग महिनाभर फर्निचर बनवणाऱ्यांबरोबर, मग प्रत्यक्ष जहाजांवर. पाच वर्षांतले शेवटचे दीड वर्ष तेवढे ड्रॉइंग ऑफिसात. आपण वर्कशॉपचा एक जॉब फाइल करताना किती कुरकुरतो! १९०७ मध्ये ते डिझाइन विभागाचे प्रमुख झाले, तरी खिशात ड्रॉइंगच्या घड्या आणि हॅटला रंगाचे डाग हा अवतार काही बदलला नाही.

नवीन जहाजाच्या पहिल्या सफरीवर कारखान्याची एक टोळी जायची. काय अर्धवट राहिलंय, काय नीट चालत नाही ते बघायचं, जमेल ते तिथेच दुरुस्त करायचं आणि बाकीचं लिहून आणायचं. टायटॅनिकवर अशी नऊ जणांची टोळी होती, प्रमुख अँड्र्यूज. काम उरलं होतंच. सप्टेंबर १९११ मध्ये ‘ऑलिंपिक’ या थोरल्या बहिणीची (जहाजांनासुद्धा बहिणी असतात!) एका युद्धनौकेशी टक्कर झाली. तिच्या दुरुस्तीला माणसं गेली आणि टायटॅनिकची तारीख २० मार्चवरून १० एप्रिल १९१२ वर गेली. निघायच्या आधीचे दिवस अँड्र्यूज साउथॅम्प्टनला जहाजावर फिरत होते. टेबलं, खुर्च्या, बर्थच्या शिड्या, विजेचे पंखे, जे जागेवर नसेल ते स्वतः उचलून लावत होते. मॅनेजिंग डायरेक्टर माणूस! बायकोला मात्र पत्रात कळवलं की जहाज जवळपास पूर्ण झालंय.

समुद्रावर त्यांची यादी वाढतच गेली. केबिनमधल्या हॅट अडकवायच्या हुकांना स्क्रू जास्त आहेत, कमी करावेत. खासगी डेकच्या भिंतींचा खडबडीत गिलावा फार गडद झालाय. एका बाजूच्या वेताच्या फर्निचरला हिरवा रंग द्यावा. रेस्टॉरंटच्या किचनमधलं पदार्थ गरम ठेवायचं कपाट त्रास देतंय. वाचन-लेखनाची खोली गरजेपेक्षा मोठी आहे, तिच्यातून दोन केबिन निघतील. १४ एप्रिलला रात्री जेवल्यावर ते मागच्या बाजूला जाऊन बेकरला भेटले. त्याने त्यांच्यासाठी खास ब्रेड केला होता, त्याचे आभार मानायला. मग आपल्या ए ३६ केबिनमध्ये परत कागद उघडले.

११ वाजून ४० मिनिटांनी हिमनग. कॅप्टनने बोलावलं. अँड्र्यूज खाली जाऊन पाणी बघून आले. पुढचे चार कप्पे भरले तरी जहाज तरंगेल असा हिशोब होता, पाणी त्यापेक्षा जास्त कप्प्यांत शिरलं होतं. मधल्या आडव्या भिंती पुरेशा उंच नेलेल्या नव्हत्या, त्यामुळे एक कप्पा भरला की पाणी वरून पुढच्यात जाणार. एक ते दीड तास, त्यांनी सांगितलं. स्वतःच्याच ड्रॉइंगवरून.

इथे मला खटकतं. हुकाला एक स्क्रू जास्त आहे हे ज्या नजरेला दिसलं, तिच्यासमोर होड्याही होत्या. २० होड्या, जागा ११७८ जणांची, जहाजावर २२०० च्या वर माणसं. सरकारी नियम १०,००० टनांवरच्या सगळ्या जहाजांना १६ होड्यांचा, टायटॅनिक ४६,००० टनांचं. म्हणजे नियमात पास, उलट चार होड्या जास्तच. दोष एकट्या अँड्र्यूजचा नाही, मालक होते, नियम करणारे होते. पण त्यांना मी यातून पूर्ण सोडूही शकत नाही.

नंतरचे दोन तास ते केबिनचे दरवाजे ठोठावत फिरले. स्ट्युअर्डेसना सांगितलं की लाइफबेल्ट अंगात घालून फिरा, म्हणजे तुम्हाला बघून प्रवासी घालतील. स्मोकिंग रूममध्ये ते एकटे उभे असलेले एका स्ट्युअर्डने पाहिले, सिनेमाने तेवढंच घेतलं. पण पुढेही ते डेकवर दिसले होते, पाण्यातल्या लोकांना धरायला काहीतरी मिळावं म्हणून खुर्च्या फेकताना. २ वाजून २० मिनिटांनी जहाज गेलं. टोळीतले नऊच्या नऊ गेले. अँड्र्यूजचं वय ३९, मुलगी एलिझाबेथ दीड वर्षाचीही नव्हती.

त्या हिवाळ्यात ऑलिंपिक परत कारखान्यात आलं. आडव्या भिंती वर नेल्या, आतून दुसरं कवच बसवलं, होड्या सगळ्यांना पुरतील इतक्या केल्या. १९३५ पर्यंत ते चाललं आणि मग आतलं सामान लिलावात विकलं गेलं. त्यातलं लाकडी काम इंग्लंडमध्ये अ‍ॅल्निक गावातल्या एका हॉटेलने घेतलं. तिथल्या हॉलमध्ये जेवायला बसलं की भिंतीवर अँड्र्यूजच्या कारखान्यातली सुतारकी दिसते.