अडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा निर्माता : सॅम्युअल कोल्ट

जुने, अनेक हातांतून फिरलेले रिव्हॉल्व्हर कारागिराकडे येते तेव्हा तक्रारी मुख्यतः दोनच असतात. घोडा ओढला तरी गोळ्यांचे चक्र फिरत नाही, ही पहिली. नेम एकीकडे आणि गोळी दुसरीकडे, ही दुसरी. दोन्ही तक्रारी या शस्त्राइतक्याच जुन्या आहेत. महाराष्ट्राला रिव्हॉल्व्हर ठाऊक आहे ते बव्हंशी क्रांतिकारकांच्या इतिहासातून. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन याच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. त्यातली एक गोळी त्याच्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि तो वाचला. ही हकीकत पुण्यात आजही सांगितली जाते. मात्र बटणाचा संबंध नसताना शस्त्रच दगा देते तेव्हा काय, या प्रश्नाशी ज्याचे सारे आयुष्य बांधले गेले, तो माणूस अमेरिकेतला. सॅम्युअल कोल्ट त्याचे नाव.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. आई लहानपणीच वारली, वडिलांचा व्यापार बुडाला आणि अकराव्या वर्षी पोराला शेतावर कामाला बांधून देण्यात आले. पुढे वडिलांच्या कापड गिरणीत तो रमला. दारूच्या स्फोटांचे त्याला विलक्षण वेड होते. १८२९ च्या अमेरिकी स्वातंत्र्यदिनी तळ्यात एक तराफा उडवून दाखवण्याची त्याने जाहिरात केली. तराफा राहिला बाजूला आणि चिखलपाणी उडाले ते नटूनथटून आलेल्या प्रेक्षकांवर. नेम चुकण्याची ही त्याच्या चरित्रातली पहिली नोंद म्हणायला हरकत नाही. संतापलेल्या जमावापासून त्याला वाचवणारा तरुण यंत्रकार एलिशा रूट होता, अशी आख्यायिका आहे. हा रूट पुढे पुन्हा भेटणार आहे.

शाळेत आतषबाजीने आग लागली आणि शिक्षण संपले. १८३० च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांचा कोल्ट बोस्टनहून ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज कलकत्त्याला निघाले होते. या प्रवासात त्याने लाकूड कोरून फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचा नमुना घडवला. जहाजाचे सुकाणूचक्र फिरून एका जागी पक्के बसते, ते पाहून आपल्याला कल्पना सुचली, असे तो सांगत असे. कथा सुरेख आहे. पण ती जशीच्या तशी स्वीकारणे अवघड आहे. एलिशा कोलियर या दुसऱ्या अमेरिकनाने लंडनमध्ये १८१८ सालीच चकमकीच्या फिरत्या बंदुकीचे पेटंट घेतले होते आणि त्या बंदुका हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेत पोचल्या होत्या. कोल्टच्या दृष्टीस त्यातली एखादी पडली असणे अशक्य नाही. कोलियरच्या बंदुकीत चक्र हाताने फिरवावे लागे. कोल्टने घोडा मागे ओढण्याच्या क्रियेलाच चक्राचे फिरणे आणि कुलूपबंद होणे जोडले. त्याचे श्रेय तेवढेच. पण ते लहान नव्हे.

परतल्यावर त्याने ॲन्सन चेस या कारागिराकडून दोन पिस्तुले करवून घेतली. एक पहिल्याच बाराला फुटले. दुसरे उडालेच नाही. पैसा संपला. तेव्हा या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत गावोगाव हसवणाऱ्या वायूचे खेळ केले आणि त्या कमाईतून कारागिरांची मजुरी भागवली. यंत्रकार म्हणून कोल्ट असामान्य होता, असे मला वाटत नाही. त्याची खरी ताकद होती ती लोकांना पटवण्याची आणि पडल्यावर पुन्हा उठण्याची.

१८३५ मध्ये इंग्लंडचे आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळाले. न्यू जर्सीतील पॅटरसन येथे कारखाना उभा राहिला. लष्कराने १८३७ मध्ये हे शस्त्र तपासले आणि फार गुंतागुंतीचे म्हणून नाकारले. कोल्ट मग स्वतः फ्लोरिडात गेला. तेथे सेमिनोल जमातीशी युद्ध चालू होते. त्याने तेथील सैन्याला आपल्या फिरत्या चक्राच्या रायफली विकल्या. पण आत काय आहे हे पाहण्यासाठी शिपायांनी त्या खोलल्या आणि नाजूक भाग मोडून ठेवले. १८४२ मध्ये पॅटरसनचा कारखाना बंद पडला. त्याच सुमारास थोरला भाऊ जॉन खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरला आणि फाशीच्या दिवशीच कोठडीत मेला. पुढची काही वर्षे कोल्ट पाण्याखालील सुरुंग आणि तारायंत्राच्या तारा यांत गुंतला होता.

त्याला पुन्हा शस्त्राकडे आणले ते एका गिऱ्हाइकाने. टेक्सासच्या घोडदळातील सॅम्युअल वॉकर याने पॅटरसनची पिस्तुले लढाईत वापरली होती. त्यांचे गुण आणि उणिवा त्याला तळहाताप्रमाणे माहीत होत्या. घोड्यावर बसून भरता येत नाही, भार अपुरा, घोड्याखालचा चाप उघडा नसतो तर दुमडलेला असतो, गोळ्या पाचच, ही त्याची यादी. १८४६ च्या अखेरीस दोघांनी मिळून नवा नमुना ठरवला. सहा बार, चापाभोवती कडे, नळीखाली कायमचा ठासणीचा दांडा आणि सुमारे दोन किलो वजन. सरकारने हजार नगांची मागणी केली. कोल्टकडे कारखाना नव्हता. म्हणून एली व्हिटनी धाकट्याच्या कारखान्यात ती पुरी झाली.

या राक्षसी शस्त्रालाही खोड होतीच. चक्राच्या एकेका घरात सुमारे चार ग्रॅम दारू मावे. त्या काळच्या लोखंडाला हा भार पेलवेना आणि कित्येक चक्रे फुटली. दुसरा दोष अधिक चमत्कारिक. बार उडाला की धक्क्याने ठासणीचा दांडा आपोआप खाली पडे आणि त्याचा दट्ट्या चक्राच्या घरात शिरून बसे. पुढचा बार काढायला घोडा ओढावा, तर चक्र जागचे हलत नसे. शत्रू समोर असताना स्वाराने दुसऱ्या हाताने दांडा वर बसवावा, तेव्हा कुठे शस्त्र पुन्हा चाले. काही स्वार तो चामड्याच्या वादीने बांधूनच ठेवत. १८४८ पासूनच्या नव्या नमुन्यात कोल्टने चक्र आखूड केले, त्यामुळे दारू कमी मावू लागली, आणि दांड्याच्या टोकाला खिट्टी बसवली. वॉकर मात्र हे पाहायला उरला नाही. स्वतःच्या नावाच्या पिस्तुलांची जोडी हाती पडल्यावर थोड्याच दिवसांत, ९ ऑक्टोबर १८४७ रोजी, मेक्सिकोतील वामांत्ला येथे तो मारला गेला.

१८४९ मध्ये कोल्टने एलिशा रूटला भरपूर पगारावर आणले. सुटे भाग यंत्रावर एकसारखे करण्याची घडी बसली ती रूटमुळे. १८५१ चे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर याच काळातले. दोन लाखांहून अधिक नग निघाले. आज संग्राहकांच्या हाती पडते ते बहुधा हेच, आणि वापरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या जवळजवळ सगळ्या व्याधी त्यात पाहायला मिळतात.

त्याची नळी आणि मागचा सांगाडा वेगवेगळे असून त्यांना एक आडवी पाचर धरून ठेवते. पाचर फार आत ठोकली, तर नळी चक्राच्या तोंडावर दाबली जाते आणि चक्र अडते. ती झिजून सैल झाली, तर नळी डुलते, चक्र आणि नळी यांतली फट वाढते आणि प्रत्येक गोळी वेगळ्या जागी जाते. चक्राला अचूक ठिकाणी थांबवणारी खिट्टी झिजली, तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळीचे शिसे कडेला तासले जाते आणि नेम बिघडतो. उडालेल्या तांब्याच्या टोपीचे तुकडे घोड्याच्या खाचेत पडून चक्र अडे, ते वेगळेच. म्हणून जाणकार स्वार घोडा ओढताना नळी आकाशाकडे करीत, म्हणजे तुकडा बाहेर पडे. नेमाची मागची खाच तर चक्क घोड्याच्या टोकावर होती आणि जवळच्या अंतरावर गोळी हमखास वर जाई. तेथे शस्त्र बिघडलेले नसे. ते लांबच्या नेमासाठी बांधलेले असे.

सर्वांत मोठा शत्रू मात्र काजळी. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे राहतो. काही बारांनंतर हे कीट चक्राच्या आसावर साचून ते जड होई. वंगण टिकावे म्हणून कोल्टने आसावर मळसूत्री खाचा पाडल्या होत्या. पण हा उपाय तात्पुरता. खरा उपाय पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या बिनधुराच्या दारूने १८८४ मध्ये आणला, तेव्हा कोल्ट जाऊन बावीस वर्षे झाली होती. आपल्याकडे भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत १९६० च्या दशकापासून तयार होते ती याच कुळातली दारू. ती काजळी धरत नाही, म्हणून निरुपद्रवी मात्र नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच निर्माणीत झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले.

१८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टने आपली शस्त्रे मांडली. तेथील अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला आणि १८५३ मध्ये लंडनला कारखानाही काढला. पण तेथे रॉबर्ट ॲडम्स नावाचा प्रतिस्पर्धी उभा होता. त्याच्या रिव्हॉल्व्हरची नळी आणि सांगाडा एकसंध होते. पाचरच नसल्याने पाचरीच्या व्याधीही नव्हत्या. शिवाय नुसता चाप दाबला की बार उडे. कोल्टचा नेम दूरवर अधिक अचूक, ॲडम्सचे शस्त्र जवळच्या झटापटीत अधिक भरवशाचे, असा वाद रंगला. १८५७ च्या उठावात एका नेमबाज इंग्रज अधिकाऱ्याच्या कोल्ट नेव्हीच्या पाच गोळ्या लागूनही चालून आलेल्या शिपायाने त्याला तलवारीने कापले, ही कथा ॲडम्सचे पक्षपाती आवर्जून सांगत. लंडनचा कारखाना त्याआधीच गुंडाळला गेला होता.

एकसंध सांगाड्याचा धडा कोल्टने आपल्या प्रमुख पिस्तुलांत कधीच घेतला नाही. याहून महागात पडले ते दुसरे दुर्लक्ष. रोलिन व्हाइट याने आरपार छिद्र पाडलेल्या चक्राचे पेटंट १८५५ मध्ये घेतले. अशा चक्रात धातूचे काडतूस मागून भरता येते. सुटी टोपी नाही, तिचे तुकडे नाहीत, ठासणी नाही. व्हाइट कोल्टच्याच कारखान्यात काम केलेला माणूस. त्याची कल्पना कोल्टने झिडकारली, असे सांगतात. ती स्मिथ आणि वेसन यांनी उचलली आणि पेटंटची मुदत संपेपर्यंत कोल्टचा कारखाना टोपीच्याच रिव्हॉल्व्हरला बांधला गेला.

गिऱ्हाईक निवडण्यात मात्र कोल्टला कधी संकोच वाटला नाही. अमेरिकी यादवी युद्धाच्या तोंडावर, अगदी १८६१ च्या एप्रिलपर्यंत, त्याच्या पेट्या दक्षिणेकडील राज्यांकडे जात होत्या. संधिवाताने जर्जर झालेला कोल्ट १० जानेवारी १८६२ रोजी सत्तेचाळिसाव्या वर्षी वारला. पत्नी एलिझाबेथकडे अफाट संपत्ती आली. ५ फेब्रुवारी १८६४ रोजी हार्टफर्डच्या कारखान्याचा मोठा भाग जळाला. तिने तो पुन्हा उभारला. १८७३ मध्ये त्या कारखान्यातून अमेरिकी लष्करासाठी नवे रिव्हॉल्व्हर बाहेर पडले. त्याचे चक्र आरपार होते, सांगाडा वरून बंद होता आणि पाचर काढून टाकलेली होती.