आंरी द तुलूझ-लोत्रेक

आंरी द तुलूझ-लोत्रेक (२४ नोव्हेंबर १८६४, आल्बी – ९ सप्टेंबर १९०१, मालरोमे) हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा फ्रेंच चित्रकार, शिलामुद्रणकार आणि भित्तिपत्रककार होता. पॅरिसमधील नृत्यगृहे, गाण्याचे कॅफे आणि नाट्यगृहे येथे बसून त्याने गायिका, नर्तकी व वादक यांची प्रयोग चालू असतानाच रेखाटने केली. या रेखाटनांच्या आधारे त्याने रस्त्यांवर लागणारी भित्तिपत्रके आणि नाटकांच्या कार्यक्रमपत्रिका तयार केल्या. कलावंताची जाहिरात करतानाही त्याची खुशामत न करणे हे त्याच्या कामाचे वैशिष्ट्य होते. त्यामुळे त्याला कीर्ती मिळाली, तसाच काही कलावंतांचा रोषही पत्करावा लागला.

बालपण आणि शिक्षण

लोत्रेकचा जन्म दक्षिण फ्रान्समधील एका जुन्या सरदार घराण्यात झाला. त्याचे वडील काउंट आल्फोंस व आई आदेल ही सख्खी मावसभावंडे होती. धाकटा भाऊ लहानपणीच वारला आणि पुढे आईवडील विभक्त झाले. आंरीचा सांभाळ मुख्यतः आईने केला.

१८७८ मध्ये त्याच्या डाव्या आणि १८७९ मध्ये उजव्या मांडीचे हाड मोडले. त्यानंतर पायांची वाढ खुंटली. धड प्रौढ माणसाचे, पण पाय आखूड, अशी त्याची शरीरयष्टी राहिली आणि उंची सुमारे दीड मीटरच झाली. जवळच्या नात्यातील विवाहामुळे उद्भवणारा हाडांचा आनुवंशिक विकार हे याचे कारण असावे, असे अनेक तज्ज्ञ मानतात. घोडेस्वारी व शिकार हे घराण्याचे शौक त्याला कायमचे दुरावले. अंथरुणावर काढलेल्या महिन्यांत त्याचा चित्रकलेचा नाद मात्र वाढला. घोड्यांची चित्रे काढणारा रने प्रँस्तो हा कर्णबधिर चित्रकार त्याचा पहिला गुरू होय. १८८२ मध्ये तो पॅरिसला लेआँ बोना याच्याकडे व त्यानंतर फेर्नां कोर्मों याच्या चित्रशाळेत शिकू लागला. तेथे त्याची व्हिन्सेंट व्हान गॉगशी मैत्री झाली. १८९० मध्ये ब्रसेल्स येथे एका चित्रकाराने व्हान गॉगच्या चित्रांची निंदा केली, तेव्हा लोत्रेकने त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले होते.

माँमार्त्र आणि भित्तिपत्रके

पॅरिसच्या माँमार्त्र या टेकडीवरील वस्तीत लोत्रेकने आपले बिऱ्हाड केले. आरिस्तीद ब्रुआं या गायकाच्या कॅफेत त्याची चित्रे टांगलेली असत. १८८९ मध्ये मूलाँ रूज हे नृत्यगृह सुरू झाले आणि लोत्रेक तेथे नित्य येऊ लागला. टेबलाशी बसून तो वहीत भराभर रेषा ओढी. एखादा हातवारा, मानेचा झोक किंवा पायाची फेक एवढेच तो टिपून घेई आणि बाकीचे स्मरणातून पुरे करी.

१८९१ मध्ये मूलाँ रूजसाठी त्याने पहिले भित्तिपत्रक केले. मध्यभागी ला गूल्यू ही नर्तकी, पुढे तिच्या सडपातळ जोडीदाराची करडी आकृती आणि मागे प्रेक्षकांच्या काळ्या छाया अशी त्याची मांडणी होती. सुमारे ३,००० प्रती पॅरिसच्या भिंतींवर लागल्या आणि लोत्रेकचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या वेळी झ्यूल शेरे याची हसऱ्या, तरंगत्या तरुणींची भित्तिपत्रके लोकप्रिय होती. लोत्रेकने जपानी काष्ठमुद्रांवरून सपाट रंग, ठसठशीत बाह्यरेषा आणि चौकटीत मध्येच कापलेल्या आकृती ही तंत्रे घेतली. तो स्वतः दगडावर कुंचल्याने व खडूने चित्र काढी. दात घासण्याच्या ब्रशने शाईचे तुषार उडवून छटा साधणे ही त्याची आवडती युक्ती होती.

१८९२ मध्ये ब्रुआंचा कार्यक्रम आंबासादर या कॅफेत ठरला. लोत्रेकने काढलेले काळा झगा व तांबडा गळपट्टा यांतील त्याचे चित्र तेथील व्यवस्थापकाला पसंत पडले नाही. भित्तिपत्रक न लावल्यास आपण गाणार नाही, अशी भूमिका ब्रुआंने घेतली आणि ते लावले गेले.

संगीताचे चित्रण

संगीत दाखविताना लोत्रेकने वाद्यवृंदालाच चित्राच्या रचनेत स्थान दिले. १८९३ मधील दिव्हाँ जापोने या भित्तिपत्रकात झान आव्रिल ही नर्तकी प्रेक्षक म्हणून बसलेली आहे. तिच्या पलीकडे डबल बास या वाद्यांच्या माना आणि संचालकाचे हात वर आलेले दिसतात. मंचावरील गायिका इव्हेत गिल्बेर हिचे मस्तक चौकटीबाहेर राहिले आहे, तरी लांब काळ्या हातमोज्यांमुळे ती ओळखू येते. त्याच वर्षीच्या झान आव्रिलच्या भित्तिपत्रकात डबल बासची मान वाढत जाऊन चित्राची चौकट बनते.

गिल्बेरसाठी त्याने १८९४ मध्ये केलेला भित्तिपत्रकाचा आराखडा तिने नाकारला, कारण त्यात आपण कुरूप दिसतो असे तिला वाटले. त्याच वर्षी लोत्रेकने तिच्यावर १६ शिलामुद्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. तिच्या निकटवर्तीयांना तो अपमानकारक वाटला, पण अखेर गिल्बेरने त्याच्या १०० प्रतींवर स्वतः सह्या केल्या.

रंगभूमीशी संबंध

आंद्रे आंत्वान आणि ल्युन्ये-पो या पॅरिसमधील नव्या विचाराच्या नाट्यनिर्मात्यांसाठी लोत्रेकने कार्यक्रमपत्रिका केल्या. १८९५ मध्ये ल्युन्ये-पोच्या संस्थेने शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचे फ्रेंच रूपांतर रंगभूमीवर आणले. त्याची पत्रिका आणि एका अंकाचे नेपथ्य लोत्रेकने केले होते. मराठीत याच नाटकावरून गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘संगीत मृच्छकटिक’ लिहिले. १८९६ मध्ये ऑस्कर वाइल्डच्या ‘सालोमे’च्या पत्रिकेवर लोत्रेकने वाइल्डचे चित्र काढले, त्या वेळी वाइल्ड तुरुंगात होता. ‘शिल्पेरिक’ या संगीतिकेतील मार्सेल लांदेर हिचे नृत्य रेखाटण्यासाठी तो सुमारे वीस वेळा नाट्यगृहात गेला असे सांगतात. त्यातून साकारलेले तैलचित्र सध्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

अखेरची वर्षे

अतिमद्यपान आणि उपदंश यांमुळे लोत्रेकची प्रकृती ढासळली. १८९९ मध्ये त्याला न्योई येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. आपली बुद्धी शाबूत आहे हे दाखविण्यासाठी त्याने तेथे केवळ स्मरणातून सर्कशीची रेखाटने काढली. वर्षानुवर्षे प्रयोग पाहताना जोपासलेली स्मरणशक्ती त्याच्या सुटकेला उपयोगी पडली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो बाहेर आला. मद्यपान मात्र पुन्हा सुरू झाले. १९०० मध्ये आंत्वानच्या नाट्यगृहातील ‘ला जितान’ या नाटकाचे भित्तिपत्रक त्याने केले. बोर्दो येथे ‘मेसालिन’ हा ऑपेरा पाहून त्यावर काढलेली चित्रे त्याच्या शेवटच्या कामांत मोडतात. ९ सप्टेंबर १९०१ रोजी आईच्या मालरोमे येथील वाड्यात वयाच्या ३६व्या वर्षी त्याचे निधन झाले.

वारसा

मित्र मोरिस झ्वायां आणि आई यांच्या प्रयत्नांमुळे १९२२ मध्ये आल्बी येथील जुन्या बिशपवाड्यात लोत्रेकचे संग्रहालय उघडले. त्याची भित्तिपत्रके त्याच्या हयातीतच संग्राहक जमवू लागले होते. पाब्लो पिकासोच्या १९०१ मधील ‘निळी खोली’ या चित्रात भिंतीवर लोत्रेकचे मे मिल्टन या नर्तकीचे भित्तिपत्रक दिसते. ज्या कार्यक्रमांची जाहिरात करण्यासाठी ही भित्तिपत्रके छापली गेली, ते कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रणाची सोय नसल्याने बहुतांशी लुप्त झाले. गिल्बेर, आव्रिल आणि ला गूल्यू मंचावर कशा उभ्या राहत, हे आज प्रामुख्याने लोत्रेकच्या रेषांवरूनच कळते.