पिंक फ्लॉइडचा पहिला सूर

तीन मिनिटांत संपणाऱ्या गाण्याची चौकट मोडून रॉक संगीताला ऐसपैस विस्तार देणारा प्रवाह म्हणजे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’. साठच्या दशकाच्या अखेरीस तो ब्रिटनमध्ये आकाराला आला. किंग क्रिमझन, येस, जेनेसिस अशा समूहांनी त्यात अभिजात संगीत, जॅझ आणि लोकसंगीत यांचे रंग मिसळले. तथापि, या प्रवाहात अनेक रसिकांचा प्रवेश झाला तो पिंक फ्लॉइडच्या दारातून. ‘द डार्क साइड ऑफ द मून’, ‘विश यू वेअर हिअर’ आणि ‘द वॉल’ या ध्वनिमुद्रिकांनी गेली पन्नास वर्षे पिढ्यान् पिढ्यांवर गारूड केले आहे. ज्याने या समूहाला नाव दिले, पहिली गाणी दिली आणि पहिले यश मिळवून दिले, तो मात्र या तिन्हींत कोठेही वाजवत नाही. तरीही त्याची सावली तिन्हींवर पडलेली आहे. त्याचे नाव सिड बॅरेट.

रॉजर कीथ बॅरेट हे त्याचे खरे नाव. ६ जानेवारी १९४६ रोजी केंब्रिजमधील एका सुसंस्कृत, सुखवस्तू घरात त्याचा जन्म झाला. वडील आर्थर मॅक्स बॅरेट हे नामांकित पॅथॉलॉजिस्ट होते. पाच भावंडांत सिड चौथा. चित्रकला आणि संगीत या दोन्हींची त्याला लहानपणापासून ओढ होती. डिसेंबर १९६१ मध्ये वडिलांचे कर्करोगाने निधन झाले, तेव्हा त्याला सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्याच्याच शाळेत त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला रॉजर वॉटर्स शिकत होता. वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात मारले गेले होते. पुढे केंब्रिजच्या कला व तंत्र महाविद्यालयात सिडची गाठ डेव्हिड गिल्मरशी पडली. मधल्या सुट्टीत दोघे मित्र गिटारचा सराव करीत. या तिघांची आयुष्ये पुढे एकमेकांत किती गुंतणार आहेत, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती.

१९६४ मध्ये चित्रकलेच्या शिक्षणासाठी सिड लंडनच्या कॅम्बरवेल कला महाविद्यालयात दाखल झाला. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी असलेले वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट यांनी तेथे एक वाद्यसमूह जमवला होता. सिड त्यात सामील झाला आणि पिंक अँडरसन व फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज कलावंतांची नावे जोडून त्याने समूहाचे बारसे केले. याच सुमारास त्याला अध्यात्माचीही ओढ लागली. पंजाबातील ब्यास येथील राधास्वामी परंपरेची दीक्षा घेण्याची त्याची इच्छा होती. मात्र वय लहान असल्याच्या कारणावरून त्याला नकार मिळाला. त्या नकाराचा घाव त्याच्या मनात खोल गेला, असे त्याच्या मित्रांना वाटे.

डिसेंबर १९६६ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर ‘यूएफओ’ हा क्लब सुरू झाला आणि पिंक फ्लॉइडला हक्काचे व्यासपीठ मिळाले. भिंतींवर तेलाच्या रंगीत थेंबांचे सरकते आकार उमटत आणि त्या प्रकाशात एकेक रचना अर्धा अर्धा तास रंगत असे. आरसे चिकटवलेल्या गिटारच्या तारांवरून सिड धातूचा सिगारेट लायटर फिरवी आणि तो आवाज प्रतिध्वनी यंत्रातून घुमवत ठेवी. वेगवान बोटे हे त्याचे बलस्थान कधीच नव्हते. रंगाचा फटकारा मारावा तसा तो स्वरांचा वापर करी. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या पुढील वाटचालीची बीजे या मैफलींतच रुजली.

१९६७ चा पूर्वार्ध सिडचा होता. मार्चमध्ये ‘अरनॉल्ड लेन’ आणि जूनमध्ये ‘सी एमिली प्ले’ या गाण्यांनी ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत स्थान मिळवले. दुसरे गाणे सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ऑगस्टमध्ये ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ ही पहिली ध्वनिमुद्रिका आली. तिचे शीर्षक केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ या बालकादंबरीतील एका प्रकरणावरून घेतले होते. अकरापैकी आठ रचना एकट्या सिडच्या होत्या. बुजगावणे, बुटका, मांजर, सायकल असे बालविश्वातील विषय एका बाजूला, तर सुमारे दहा मिनिटांची ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ ही अंतराळात भरकटल्यासारखी वाटणारी वाद्यरचना दुसऱ्या बाजूला. निरागसता आणि भय यांचे असे मिश्रण रॉक संगीतात यापूर्वी क्वचितच ऐकू आले होते.

परंतु उतरणही त्याच वर्षी सुरू झाली. एलएसडी या अमली पदार्थाचे अतिसेवन, अचानक मिळालेली प्रसिद्धी आणि सततचे दौरे यांचा भार त्याच्या संवेदनशील मनाला पेलवला नाही. रंगमंचावर तो शून्यात पाहत उभा राही, तर कधी गिटारच्या तारा सैल करीत बसे. नोव्हेंबरमधील अमेरिका दौरा अर्धवट सोडून समूहाला परतावे लागले. वर्षअखेरीस मदतीसाठी गिल्मरला पाचारण करण्यात आले. जानेवारी १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला जाताना सिडला घरून घ्यायचेच नाही, असे इतरांनी ठरवले. एप्रिलमध्ये त्याच्या विलग होण्याची अधिकृत घोषणा झाली. त्या वेळी तो अवघा बावीस वर्षांचा होता.

मित्रांनी त्याची साथ पूर्णपणे सोडली मात्र नाही. १९७० मध्ये ‘द मॅडकॅप लाफ्स’ आणि ‘बॅरेट’ या त्याच्या दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या. पहिलीसाठी गिल्मर व वॉटर्स, तर दुसरीसाठी गिल्मर व राइट यांनी निर्मितीची बाजू सांभाळली. लय मध्येच सोडणाऱ्या या गाण्यांतून खचत चाललेले मन स्पष्ट ऐकू येते. त्यानंतर सिडने संगीताला जवळजवळ कायमचा रामराम ठोकला.

इकडे पिंक फ्लॉइडची कीर्ती वाढत गेली आणि गेलेल्या मित्राची पोकळी हाच तिच्या संगीताचा एक गाभा बनला. १९७३ च्या ‘डार्क साइड’मध्ये वेडाची छाया आहे, तर १९७९ च्या ‘द वॉल’मधील कोसळणाऱ्या नायकात सिडचाही अंश आहे. ५ जून १९७५ रोजी ॲबी रोड स्टुडिओत सिडला उद्देशून रचलेल्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या नऊ भागांच्या रचनेवर काम चालू असताना एक स्थूल, भुवयांसकट मुंडण केलेला माणूस आत आला. तो सिड आहे, हे जुन्या मित्रांना बराच वेळ ओळखता आले नाही. ओळख पटली तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत.

त्यानंतर सिड केंब्रिजला परतला आणि पुन्हा रॉजर झाला. आईच्या घरात राहून बागकाम करायचे, चित्रे काढायची, त्यांची छायाचित्रे घ्यायची आणि मग ती चित्रे नष्ट करायची, असा त्याचा क्रम होता. धाकटी बहीण रोझमेरी त्याची काळजी घेई. गाण्यांचे मानधन त्याच्यापर्यंत पोहोचेल, याकडे गिल्मरने लक्ष दिले. त्याच्या आजाराचे निश्चित निदान कधीच जाहीर झाले नाही. चाहते आणि वार्ताहर मात्र त्याच्या दारावर थडकत राहिले. वेडा प्रतिभावंत ही दंतकथा त्यांना हवी होती, तर दार उघडणाऱ्या माणसाला केवळ शांतता हवी होती. ७ जुलै २००६ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वयाच्या साठाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्सने मुंबईच्या एमएमआरडीए मैदानावर ‘शाइन ऑन’ सादर केले, तेव्हा या निधनाला जेमतेम सात महिने झाले होते. हजारो मुंबईकरांनी त्या संध्याकाळी, कदाचित नकळत, एका दिवंगत मित्राची आठवण ऐकली. ज्यांना हा संगीतप्रवाह जाणून घ्यायचा आहे, त्यांनी ‘डार्क साइड’पाशी न थांबता मागे ‘पायपर’पर्यंत जावे आणि मग पुढे पॉर्क्युपाइन ट्रीच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांकडे वळावे. विलंबित ख्याल ऐकताना जो संयम लागतो, तोच येथेही उपयोगी पडतो. सिडची संगीत कारकीर्द पुरती दहा वर्षांचीही नव्हती, आणि त्यातली ऐन बहराची वर्षे तर दोनच. एवढ्या अल्प काळात त्याने उघडलेल्या दारातून एक संपूर्ण पिढी आत गेली. तो स्वतः मात्र बाहेर पडला आणि एका बागेत रमला. तेथे त्याला जी काही शांतता लाभली, तिचा मान राखूनच त्याची गाणी ऐकायला हवीत.