चार फुटी उस्ताद

आमच्या गल्लीतील एक काका पूर्वी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवीत असत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. माझी उंची बेताचीच. स्टुलावर बसलो की पाय पेडलला जेमतेम टेकत आणि उजव्या अंगाचा फ्लोअर टॉम परगावी असल्यासारखा वाटे. माझी ही रड ऐकून काकांनी मला चिक वेबची गोष्ट सांगितली. पुढे त्याच्याविषयी मिळेल ते मी वाचून काढले.

विल्यम हेन्री वेब हा अमेरिकेतील बाल्टिमोरचा, एका कृष्णवर्णीय कुटुंबातला मुलगा. बालपणीच त्याच्या कण्याला क्षय झाला. पाठीला कुबड आले, उंची चार फुटांच्या आसपास खुंटली. आखडलेले अंग मोकळे व्हावे म्हणून ड्रम वाजवायला डॉक्टरांनीच सुचवले, असे सांगतात. पोराने वर्तमानपत्रे विकून पैसे साठवले आणि ड्रम घेतले. चिक म्हणजे पिल्लू. हे नाव चणीवरूनच पडले. तरुणपणीच तो न्यूयॉर्कला गेला आणि १९२६ साली त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. पुढे हार्लेममधील सॅव्हॉय बॉलरूम हे त्याचे घरच झाले. तिथे गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचत. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

आता त्याची अडचण पाहा. त्याच्या बास ड्रमचा व्यास २८ इंच, म्हणजे त्याच्या निम्म्याहून जास्त उंचीचा! पण त्याने खास पेडल करून घेतले, झांजा वाकड्या दांड्यांवर जवळ आणल्या, उंच चौथऱ्यावर बैठक मांडली. कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर त्याने वाहतूक खर्च वाचवला. त्याला नोटेशन वाचता येत नसे; तालमीत साऱ्या वाद्यांचे तुकडे ऐकून तो पाठ करी.

हातांचा प्रवास म्हणजे काय हे मला काकांच्या धड्यात कळले. स्नेअरवर चार ठोके, मधल्या टॉमवर चार, फ्लोअर टॉमवर चार. उजवा-डावा, उजवा-डावा, अगदी सावकाश. उजवीकडे जाताना शेवटचा ठोका डाव्याचा पडतो, उजवा मोकळा असतो, म्हणून तो सहज पुढे सरकतो. परतताना मात्र उजव्याने सुरुवात केली की तो डाव्यावर आदळतो. तेव्हा परतीची सुरुवात डाव्याने करायची. मग प्रत्येकी तीन ठोके घ्यायचे. इथे दर ड्रमला आघाडीचा हात बदलतो आणि माझ्या काठ्या भांडू लागतात. पहिल्या आठवड्यात एक काठी खिडकीबाहेर गेली. वेबचे १९३७ सालचे ‘हार्लेम कॉन्गो’ ऐकले तेव्हा एकही ठोका धडपडलेला वाटला नाही. मला तर लाजच वाटली.

त्याच वर्षी ११ मे रोजी सॅव्हॉयमध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाशी त्याची जुगलबंदी झाली. गुडमनकडे जीन क्रुपा होता, देशभर गाजलेला देखणा ड्रमर. आत जागा मिळाली नाही म्हणून हजारो लोक रस्त्यावर ताटकळले. वेबने बाजी मारली आणि खुद्द क्रुपाने त्याला वाकून मान दिला. मला क्रुपाचाही मोठेपणा यात दिसतो. हरल्यावर असे वाकणे आपल्या गॅदरिंगमध्ये कुणाला जमते?

१९३५ साली वेबने एला फिट्झजेरल्ड या पोरक्या मुलीला वाद्यवृंदात घेतले होते. १९३८ साली तिच्या ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ या गाण्याने सारी अमेरिका डोलली. पैसा आला, कीर्ती आली, पण कण्याचे दुखणे वाढतच गेले. तशाही वेदनेत तो वाजवीत राहिला. १६ जून १९३९ रोजी बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो गेला. त्याच्यामागे तो वाद्यवृंद एलाने आपल्या नावावर चालवला.

काकांनी आता माझा फ्लोअर टॉम चार बोटे जवळ ओढून दिला आहे. परतीचा ठोका अजून अडखळतो.