कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि ‘सावकारी पाश’

कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचा जन्म ३ जून १८९० रोजी निपाणीच्या शेजारच्या कोल्हापुरात झाला. मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे कसबी कारागीर. तेच त्यांचे पहिले गुरू. शालेय शिक्षण बेताचेच. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ हेच आडनाव पडले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि आनंदराव व बाबूराव या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. कॅमेरा आपणच बनवायचा, असे त्यांनी ठरवले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी खचून न जाता विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ साली कॅमेरा पूर्ण केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे पाठबळ दिले. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

पौराणिक-ऐतिहासिक चित्रपटांना गर्दी होत असतानाच १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकार कागदपत्रांच्या जोरावर जमीन बळकावतो आणि तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. चित्रपटाची वाहवा झाली, पण गल्ला जमला नाही.

यंत्राखाली चिरडलेला माणूस म्हटले की जर्मनीचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) आणि चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) आठवतात. बाबूरावांचा चित्रपट या दोन्हींच्या आधीचा. ‘मेट्रोपोलिस’मध्ये भविष्यातले कल्पित शहर आहे, बाबूरावांनी त्यांच्याच काळातला शेतकरी दाखवला. स्वतःच्या हाताने यंत्र घडवणारा हा माणूस यंत्राचा वैरी नव्हता. शेत गेलेल्या माणसाला गिरणीत कशी मजुरी मिळते, हे ठरवणे त्याच्या हाती उरत नाही, एवढे त्यांनी ओळखले होते.

आपल्या सीमाभागाला हे सांगायला नको. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, घरोघरी विड्या वळणाऱ्या आयाबहिणी, हातमाग जाऊन यंत्रमाग आलेले बेळगावचे वडगाव-शहापूर, ही सारी आपलीच माणसे. रास्त भावासाठी १९८१ साली तंबाखू उत्पादक निपाणीच्या महामार्गावर बसले, तेव्हाही प्रश्न तोच होता: घाम गाळणाऱ्याच्या पदरात काय पडते?

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले. कॅमेरा घडवणारे म्हणून आपण त्यांना ओळखतोच. ‘सावकारी पाश’ची गोष्टही घरातल्या मुलांना जरूर सांगावी. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.