रमाबाईंची प्रार्थना



मिस्सेत देशासाठीची विनंती आपण अर्ध्या मिनिटात उरकतो, तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात. त्या कॅथलिक नव्हत्या, पण म्हणून काय झालं? १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली त्यांनी आणल्या, केडगावला जगवल्या, शिकवल्या. जानेवारी १९०५मध्ये त्यांनी रोजच्या प्रार्थनेला बोलावलं. मागणं काय, तर भारतातल्या ख्रिस्ती माणसांचं खरं मनपरिवर्तन व्हावं, आणि सुरुवात स्वतःपासून! आधी ७० जणी आल्या, पुढे ५५०. जूनअखेर मुली रडून पापं कबूल करू लागल्या, वर्गसुद्धा थांबले. मग त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगत फिरल्या. १९२१त एकुलती मुलगी मनोरमा वारली. तरी बाईंनी बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ला प्रभूच्या घरी गेल्या.

– एक निवृत्त शिक्षक