विल्यम बूथ

विल्यम बूथ (१० एप्रिल, इ.स. १८२९:नॉटिंगहॅम, इंग्लंड - २० ऑगस्ट, इ.स. १९१२:लंडन, इंग्लंड) हे ब्रिटिश धर्मोपदेशक आणि मुक्तिफौज अर्थात साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचे संस्थापक होते.

लहानपणी गहाणवटीच्या दुकानात उमेदवारी करताना त्यांनी दारिद्र्य जवळून पाहिले. इ.स. १८६५मध्ये पत्नी कॅथरीन यांच्यासह त्यांनी लंडनच्या ईस्ट एंड भागात धर्मकार्य सुरू केले. इ.स. १८७८मध्ये या संस्थेला सध्याचे नाव मिळाले. इ.स. १८८२मध्ये फ्रेडरिक टकर यांनी मुंबईत तिचे कार्य आरंभले.

बेघरांसाठी कार्य

इ.स. १८८८मध्ये संस्थेने लंडनच्या लाइमहाउस भागात स्वस्त भोजन व निवाऱ्याचे केंद्र उघडले. मात्र केवळ रात्रीच्या आसऱ्याने बेघरपणा संपत नाही, असे बूथ यांचे मत होते. इ.स. १८९०च्या 'इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट' या ग्रंथात त्यांनी शहरात निवारा व रोजगार, नंतर शेतीचे प्रशिक्षण आणि शेवटी परदेशात वसाहत अशी योजना मांडली. त्यानुसार इ.स. १८९१मध्ये एसेक्समधील हॅडली येथे शेती वसाहत स्थापन झाली. निधीवरील बूथ यांच्या एकहाती नियंत्रणावर शास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी टीका केली. परदेशातील वसाहत मूळ आराखड्याप्रमाणे साकारली नाही; निवारा व रोजगाराचे कार्य मात्र पुढेही चालू राहिले.